तिसऱ्या खांबाची भेग

भिंगवालीच्या वाटेला जायचं तर माणूस आधी दोनदा विचार करायचा. ज्यांनी केला नाही, त्यांतला कारखान्याचा स्टोअरवाला आजही बोलताना समोरच्या दाताच्या खिंडीतून शीळ घालतो. त्यानं तिला घासायचा कागद जुना, झिजलेला दिला होता आणि वर बायकांना काय, भांडी घासायची सवयच असते, असं म्हणाला होता. हातातली पोलादी पट्टी तिनं त्याच्या तोंडावर ठेवून दिली. चौकशी झाली, कागद रंगवले गेले, तिला आठ दिवस घरी बसवलं. नवव्या दिवशी ती आली ती सरळ स्टोअरच्या खिडकीशी, आणि तोच कागद पुन्हा मागितला. त्यानं नवा काढून दिला. न मागता दोन जास्तीचे दिले.

हा तापटपणा तिच्यात आला कुठून, हे शोधायला लांब जायला नको. बाप लोखंडी फाटकं आणि जाळ्या ठोकायचा. हातात जे असेल त्यानं पोरांना बडवायचा. पट्टा असला तर पट्टा, बूट असला तर बूट. आई लवकर सुटली, म्हणजे मेली. मागे राहिली ही आणि धाकटा. ही चौदाची नि धाकटा सहाचा असताना बापानं एकदा भट्टीतून नुकतीच काढलेली सळई घेऊन त्या पोराला कोपऱ्यात गाठलं. गुन्हा काय, तर पाण्याचं पीप उघडं टाकलं. ही मध्ये पडली. सळई खांद्याला चाटून गेली, कातडी जळल्याचा वास सुटला आणि त्या वासानंच तिचं डोकं फिरलं. तिनं बापाची मानगूट धरून त्याच पिपात त्याचं मुंडकं बुडवलं, आणि त्याचे पाय ढिले पडेपर्यंत वर येऊ दिलं नाही. मग सोडलं. बाप जमिनीवर पालथा पडून पाणी ओकत राहिला. त्या घरात हात कुणी उचलायचा, हे त्या दिवशी ठरून गेलं. धाकट्याला पुढं तिनंच वाढवलं. लाडानं वाढवलं असं कुणी म्हणू नये. त्यानंही तिच्या हातचा मार पोटभर खाल्ला. पण दुसऱ्या कुणी त्याला बोट लावलेलं तिनं खपवून घेतलं नाही.

तिनं लग्न केलं, तेही तसंच आटोपलं. नवऱ्यानं एकदा जेवताना तिच्या थोबाडीत दिली. तिनं शेगडीवरची उकळती किटली उचलली आणि त्याच्या मांड्यांवर रिकामी केली. तो गेला तो गेलाच. शेजारणी बरेच दिवस विचारायच्या, आला का गं परत. ती म्हणायची, "कातडी आली असेल. तो नाही आला."

अशा बाईला कारखान्यानं काम दिलं ते मात्र जगावेगळ्या सबुरीचं. तपासणीच्या खोलीत लोखंडाला मरेपर्यंत छळायचं आणि ते कसकसं मरत गेलं ते लिहून ठेवायचं. तळहाताएवढी पोलादी पाटी घ्यायची. तिला दोन भोकं आणि एका कडेला करवतीची खाच. भोकांत खुंट्या घातल्या की यंत्र ती पाटी ओढायचं आणि सोडायचं, सेकंदाला दहा वेळा, दिवसच्या दिवस. एका ओढीनं पोलादाच्या केसालाही धक्का लागत नाही. लाखभर ओढी खाल्ल्या की ते थकतं. खाचेच्या टोकाशी केसाहून बारीक भेग धरते आणि मग ती पुढं सरकायला लागते. शेवटी फाडकन आवाज होतो आणि पाटीचे दोन तुकडे. खोलीतले लोक त्या यंत्राला सासुरवास म्हणायचे.

एकोणीस वर्षं ती भेग मोजायला भिंगाला डोळा लावून बसली, म्हणून भिंगवाली. मग कॅमेरा आला. दर दोन हजार ओढींनी यंत्र क्षणभर थांबायचं, कॅमेरा फोटो काढायचा, आणि संगणक उजळ पोलादावरची काळी रेघ हुडकून तिची लांबी पडद्यावर टाकायचा. लोकांना वाटलं, आता म्हातारीला घरचा रस्ता. पण कॅमेऱ्याला पाटी आरशासारखी घासलेली लागते, तीही एकाच दिशेनं. आडवा ओरखडा राहिला तर संगणक त्यालाच भेग समजून बसतो. तसा घासणारा हात अख्ख्या कारखान्यात एकच होता. आणि त्या हाताचा एक दंडक होता: फोटो काढायचा तो यंत्र पूर्ण ओढीवर थांबवून, पाटी ताणलेली असताना. असं का, हे तिनं कधी कुणाला सांगितलं नाही. तिलाही ते शब्दांत ठाऊक नव्हतं. भिंगाच्या दिवसांपासून तसंच करत आले, एवढंच.

धाकटा आता चव्वेचाळीसचा होता आणि तिच्याच घरात राहायचा. लग्न केलं नव्हतं. ताई असताना या घरात दुसरी बाई आठ दिवस टिकायची नाही, असं म्हणायचा, आणि ते खोटंही नव्हतं. तो प्रेस चालवायचा. प्रेस म्हणजे दोन मजल्यांएवढं धूड. माणसाच्या कमरेएवढे चार लोखंडी खांब, त्यांच्यावर माथ्याचा ठोकळा, आणि मधून तेलाच्या दाबानं खाली येणारा घण. भट्टीतून निघालेला लालभडक ठोकळा खाली ठेवला की घण त्याला कणकेच्या गोळ्यासारखा चेपायचा. चेपताना माथा वर रेटला जातो, म्हणजे चारही खांब ताणले जातात. घण वर गेला की माथ्याचं सगळं ओझं पुन्हा खांबांवर बसतं. धाकटा हे धूड दोन दांड्यांवर नाचवायचा, आणि समोर सांडस धरून ठोकळे फिरवणारे सहा जण.

खांब तुटला तर काय होतं, हे कुणाला सांगायला नको होतं. अकरा वर्षांपूर्वी शेजारच्या शेडमध्ये तुटला होता. खांबाच्या टोकाचा नट, बैलाच्या डोक्याएवढा, तोफेतून सुटावा तसा आडवा सुटला. तो एका सांडसवाल्याच्या छातीला लागला असं म्हणणं बरोबर नाही. तो छाती घेऊनच पुढं गेला आणि मागच्या भिंतीत रुतला. माथा तिरका होऊन दुसऱ्यावर बसला. त्याला काढायला दुसरा दिवस उजाडला, आणि जे निघालं ते दोन बादल्यांत मावलं. तुटलेल्या खांबाचं तोंड तपासायला भिंगवालीकडंच आलं होतं. त्यावरचं रक्त तिनंच ब्रशनं धुतलं होतं.

म्हणून आता धाकट्याच्या प्रेसच्या तिसऱ्या खांबावर, छातीच्या उंचीला, भेग सापडली तेव्हा सगळ्यांचे चेहरे उतरले. नवा खांब यायला बारा आठवडे होते. तपासणीचे साहेब म्हणाले, घाबरायचं कारण नाही, आपण तिच्यावर पाळत ठेवू. भिंगवालीनं भेगेभोवती पंजाएवढी खिडकी घासून आरसा केली. समोर कॅमेरा बसला, दिवा बसला, संगणकाला तार गेली. भेग अडतीस मिलिमीटर भरली. पंचेचाळीसच्या पुढं गेली तर प्रेस थांबवायची, असं ठरलं.

साहेब माणूस वाईट नव्हता. त्याला नेटक्या गोष्टी आवडायच्या, एवढाच त्याचा दोष. प्रेस चालू असताना शेडची जमीन उडते, फोटो हलून येतात, हे त्याला पहिल्याच दिवशी दिसलं. मग त्यानं कॅमेऱ्याला सांगून ठेवलं की पाळी संपल्यावर, घण वर गेलेला आणि सगळं शांत असताना, पाच फोटो काढायचे. फोटो आले ते असे स्वच्छ की भिंतीवर लावावेत. अडतीस. अडतीस. पुन्हा अडतीस. नवव्या आठवड्यात एकोणचाळीस. साहेबानं सगळ्यांना बोलावून पडदा दाखवला आणि भेग झोपली असल्याचं जाहीर केलं. फोरमननं त्या दिवसापासून ठोकळ्यांची गती वाढवली.

त्याच आठवड्यात भिंगवालीच्या खोलीत विजेनं गचका खाल्ला. यंत्राची ओढ सुटली, पाटी सैल पडली आणि कॅमेऱ्यानं आपला नेमका तेव्हाच फोटो काढला. पडद्यावरची भेग चार मिलिमीटरनं आखूड झाली होती. ती बघत राहिली. भेग पुढं जाते, नाहीतर थांबते. मागं आलेली तिनं उभ्या जन्मात पाहिली नव्हती. तिनं यंत्र पूर्ण ओढीवर नेलं, फोटो काढला. चार मिलिमीटर परत. सोडलं, काढला. गेले. ओढ सुटली की भेगेचे ओठ मिटतात आणि टोकाची रेघ दिसेनाशी होते, बास. सात-आठ वेळा करून झाल्यावर तिला तिसरा खांब आठवला. खांबाचे फोटो घण वर असताना निघत होते. माथ्याचं शेकडो टनांचं ओझं खांबावर बसलेलं असताना. तिथं भेगेचे ओठ नुसते मिटलेले नव्हते, वरून दाबून धरलेले होते.

ती साहेबाकडं गेली. त्यानं ऐकून घेतलं, चष्मा पुसला, म्हणाला की असं होऊ शकतं खरं, पण चालत्या प्रेसजवळ दहा पावलांच्या आत कुणी जायचं नाही हा नियम आहे, आणि हललेल्या फोटोवरून काही ठरवता येत नाही. नवा खांब तीन आठवड्यांत येतोच आहे. तोवर कळ काढू.

"तीन आठवडे तुम्ही उभे राहता का तिथं, माझ्या भावाच्या जागी?" तिनं विचारलं.

साहेबानं कागद सारखे केले. ती खोलीबाहेर पडली ती कॅमेऱ्याच्या बटणाची लांब वायर काखोटीला मारूनच.

दुपारची वेळ. भट्टीचं दार उघडं, शेडमध्ये कानठळ्या बसवणारा आवाज. ती सरळ दहा पावलांची रेघ ओलांडून तिसऱ्या खांबाशी गेली आणि वायर तिथल्या कॅमेऱ्याला जोडून उभी राहिली. सांडसवाले ओरडले. धाकट्यानं दांडी सोडली आणि तिच्या आईबापाचा उद्धार केला, जे त्याचेही होते हे विसरून. तिनं हातानं खूण केली: खाली घे. आणि पूर्ण दाबावर धरून ठेव, पाच मोजेपर्यंत. फोरमन तिकडून शिव्या देत येतच होता. वजनदार गडी, मान खांद्यात बुडालेली. त्यानं धाकट्याला बजावलं की दाब धरलास तर तेल तापेल आणि मग तू घरी बसशील. धाकट्यानं एकदा फोरमनकडं पाहिलं, एकदा बहिणीकडं. दोघांत कुणाला जास्त भ्यायचं हे त्याला लहानपणापासून पाठ होतं. त्यानं घण खाली घेतला.

ठोकळा चेपला, प्रेस कण्हली, खांब ताणले. पहिला फोटो हलला. दुसरा हलला. तिसऱ्या वेळी धाकट्यानं दात आवळून दाब धरला, जमीन थांबली, आणि तिनं बटण दाबलं. फोटो बघायची गरज नव्हती. तिच्या नाकापासून दोन हातांवर खांबाला तोंड फुटलं होतं. काळी रेघ घासलेल्या खिडकीच्या एका कडेतून येत होती आणि दुसऱ्या कडेतून बाहेर जात होती. घण वर गेला तशी ती मिटली, आणि खिडकीच्या मधोमध एकोणचाळीस मिलिमीटरची निरागस भेग शिल्लक राहिली.

तिनं जाऊन लाल बटण ठोकलं. प्रेस बंद. फोरमननं येऊन ते फिरवून सोडलं. प्रेस चालू. भट्टीत चार ठोकळे तयार आहेत, ते गार करून फेकायचे नाहीत, चार झाले की मग बोलू, असं तो म्हणाला. धाकट्यानंही तेच म्हटलं, हे तिला फार लागलं. चारच आहेत ताई, म्हणाला. तिनं पुन्हा बटण ठोकलं. या वेळी फोरमननं तिला दंडाला धरून बाजूला भिरकावलं. ती उठली आणि कपाळ त्याच्या नाकावर आपटलं. हाड मोडल्याचा आवाज त्या गोंगाटातही सांडसवाल्यांना ऐकू आला. फोरमन दोन्ही हातांनी तोंड धरून गुडघ्यांवर आला, बोटांतून रक्त ठिबकायला लागलं, तरी एका हातानं चाचपडत त्यानं बटण सोडलंच. तोही काही कच्चा नव्हता. दोघा सांडसवाल्यांनी तिला मागून कव घातली. एकाच्या मनगटाला ती अशी चावली की मांसाचा तुकडा तिच्या दातांत आला. दुसऱ्यानं आपणहून सोडलं. तेवढ्यात पहिला ठोकळा भट्टीतून निघाला होता.

भिंतीला हातभर लांब पाना टांगलेला होता. तो तिनं ओढला आणि धावली ती धाकट्याच्या बाजूच्या तेलाच्या नळीकडं. ती नळी फुटली की प्रेस जागच्या जागी मरते. पण त्या नळीतलं तेल एवढ्या दाबाखाली असतं की सुईएवढ्या चिरेतून निघालेली धारही माणसाला सुरीसारखी कापते, हे प्रेसवरच्या प्रत्येकाला माहीत. तिला ठाऊक असायचं कारण नव्हतं. धाकट्याला ठाऊक होतं. त्यानं दांडी सोडून आडवी झेप घेतली आणि नळीच्या आड हात घातला. पाना सगळ्या जोरानं उतरला तो त्याच्या हातावर, कोपराच्या खाली. वाळकी फांदी पायाखाली यावी तसा आवाज झाला, आणि हात जिथं वाकायला नको तिथं वाकला. हाडाचं पांढरं टोक बाहीतून बाहेर आलं.

धाकटा खाली बसला, हाताकडं बघितलं आणि ओकला.

घण वर, दांड्यांशी माणूस नाही, सगळी शेड गप्प. फोरमननं रक्ताळल्या तोंडानं विचारलं की आता चालवणार कोण. प्रेस चालवणारा दुसरा गडी आजारी रजेवर होता. लाल ठोकळा प्रेसच्या पोटात पडल्या पडल्या काळा पडत गेला.

धाकट्याला दवाखान्यात नेलं, फोरमनला नेलं, चावलेल्याला नेलं. भिंगवालीला पहारेकऱ्यांनी फाटकाशेजारच्या खोलीत कोंडलं. तिथं साहेब आला. त्याच्या हातात तीन फोटो होते, दोन हललेले, एक स्पष्ट. ते त्यानं तिच्यासमोर ओळीनं मांडले. म्हणाला, "मला फोटो चांगले हवे होते."

"चांगलेच होते," ती म्हणाली. "मढं धुऊन-पुसून ठेवलं की तेही चांगलंच दिसतं."

दुसऱ्या दिवशी साहेबानं स्वतः बाह्या सारून खांब सगळीकडून घासून घेतला, रंग टाकून भेग उठवली. ती खांबाच्या निम्म्याहून जास्त घेराला वेढा घालून आली होती. खांब उतरवायचा ठरला. नट सैल करून क्रेननं तो उचलला, आणि नुसत्या स्वतःच्या वजनानं तो हवेतच तुटला. खालचा तुकडा पडला तो फरशी फोडून गुडघाभर आत गेला. सांडसवाले लांब उभे होते. ज्याच्या मनगटाचा लचका गेला होता तो जाऊन तुटलेलं तोंड बघून आला आणि बाकीच्यांना म्हणाला की चार ठोकळे जाऊ देत, एकही सोसला नसता.

म्हणून भिंगवालीचं कौतुक झालं असं नाही. दोन हाडं, एक लचका आणि नियमाची रेघ, असं सगळं तिच्या नावावर लिहिलं गेलं. साहेबानं तिच्या बाजूनं चार पानं लिहिली, स्वतःची चूक त्यात घातली, तेव्हा कुठं नोकरी वाचली. तरी तीन महिने घरी बसवलं ते बसवलंच. फोरमननं तिच्याशी बोलणं टाकलं. नाक वाकडं राहिलं म्हणून घोरायला लागला आणि त्याचे शिव्याशाप रोज त्याच्या बायकोकडून तिला पोचत होते.

धाकट्याच्या हातात लोखंडी पट्टी नि सहा स्क्रू बसले. डॉक्टर म्हणाले, वाकेल, पण दांडी ओढण्याएवढा जोर यायचा नाही. घरी आल्यावर चार दिवस तो तिच्याशी बोलला नाही. पाचव्या दिवशी सकाळी शर्टाच्या बटणांशी झगडत खोलीच्या मधोमध उभा राहिला. एक बटण लागेना, दुसरं चुकीच्या काजात. ती पोळपाट बाजूला सारून उठली, त्याचे हात झटकले आणि खालून वर एकेक बटण लावायला लागली.

"कैदाशीण आहेस," तो म्हणाला.

"मान वर कर."

"हात मोडलास माझा. जन्माचा मोडलास."

"मान वर कर म्हटलं ना."

त्यानं मान वर केली. तिनं गळ्याचं बटण लावलं, कॉलर सारखी केली, मग खाली बसून त्याच्या बुटाच्या नाड्या बांधल्या, आवळून, दुखेपर्यंत. तो वरून तिच्या सात पिढ्यांना शिव्या घालत होता. ती मध्येच नाडी सोडून पुन्हा बांधायची, कारण पहिली गाठ तिला पसंत पडली नव्हती.